कूच्चम

आवडी, मद्रास
२ ऑगस्ट १९६३

ताई,

नमस्कार. पुढे 'वि. वि.' लिहिलं आणि खोडलं. विनंतीही नाही आणि विशेषही नाही.

टाके भरून आले. डॉक्टरीणबाईंनी मार्चमध्ये पिशवी काढली तेव्हा म्हणाल्या होत्या की बेंबीखाली थोडे दिवस बधिर राहील. ते थोडे दिवस अजून चालू आहेत. गेल्या आठवड्यात ओट्याच्या कडेला गरम तवा उतरवून ठेवला होता. त्याला टेकून मी उभी राहिले आणि खिडकीतून डेपोतल्या गाड्या बघत राहिले. पातळाचा जळका वास आला तेव्हा कळलं. चांगला मोठा फोड आला होता. दुखला नाही. ह्यांनीच बघून तोंडावर हात घेतला. मी म्हटलं, अहो, मला काही होत नाहीये, तुम्ही कशाला कळवळता?

तू एप्रिलमध्ये पंधरा दिवस राहून गेलीस तेव्हा 'रड एकदा मनमोकळं' म्हणत होतीस. रडले नाही म्हणून तुला काळजी वाटत असेल. ताई, मी धरून ठेवलेलं नाही गं. काही येतच नाही. तिन्ही वेळा सातव्या महिन्यात गेलं, हे मी शेजारणीला सांगते तेव्हा दूधवाला उशिरा आला असं सांगितल्यासारखं निघतं.

मंगळवारी मराठी महिला मंडळाची मंगळागौर झाली. सगळ्या फुगड्या घालत होत्या, मला 'टाके आहेत' म्हणून भिंतीशी बसवलं. शेजारी एक तंजावरच्या मराठी बाई होत्या, विशालाक्षीबाई. पन्नाशीच्या असतील. त्यांचं मराठी आपल्या पणजीने तमिळ शिकून बोलावं तसं आहे. मला म्हणाल्या, "काय गे पोरी, उगे काशाला बसलीस? पोट दुखते का?" मी म्हटलं, दुखत नाही हीच तक्रार आहे. तर हसल्या नाहीत. माझ्या पोटाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "माझे घरी ये. पोटाची कसरत शिकविते."

आता दर बुधवारी जायचं ठरवलं आहे. डॉक्टरीणबाईंची परवानगी घेतली आहे. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

विद्यू


सातारा
१३ ऑगस्ट १९६३

चि. विद्यूस,

आशीर्वाद, आणि सोबत एक धपाटा. तव्याला टेकून उभी राहतेस? शुद्धीवर आहेस ना? फोडावर रोज तूप लाव, कोणी काही सांगितलं म्हणून भलतंसलतं लावू नकोस. आणि उमाकांतरावांना 'तुम्ही कशाला कळवळता' असं विचारतेस! नवऱ्याने कळवळायचं नाही तर काय तुझ्या त्या तमिळ शेजारणीने कळवळायचं? तोंडाला जरा आवर घाल. माणूस गरीब आहे म्हणून ऐकून घेतो.

पोटाची कसरत ठीक, पण बेताने. त्या विशालाक्षीबाई म्हणजे कोण, कुठल्या, काही चौकशी केलीस का? तुझं आपलं कोणी 'ये' म्हटलं की निघालीस. लहानपणी त्या बांगडीवाल्याच्या मागे असंच अर्ध्या गावापर्यंत गेली होतीस, आठवतं?

इकडे सगळं ठीक. मला हल्ली सकाळी पित्ताचा त्रास होतो, फोडणीचा वास सोसत नाही. सासूबाई आवळ्याचं सरबत देतात. काळजीचं काही नाही. मोठीची शाळा, मधल्याच्या खोड्या आणि धाकट्याचा हट्ट ह्यात दिवस कुठे जातो समजत नाही.

पत्र लांबवू नकोस. तुझं पत्र आलं नाही की मी उगाच दारापाशी घुटमळते आणि हे मला हसतात.

तुझी
ताई


आवडी
२२ सप्टेंबर १९६३

ताई,

पत्र लांबलं. कारण काही नाही. रोज 'उद्या लिहू' म्हणत होते.

ती कसरत नाही. नाच आहे. तुला आधी सांगितलं नाही, कारण तू लगेच पत्र लिहिलं असतंस. आता लिही.

विशालाक्षीअक्कांचे वडील पोर्ट सईदला जहाजाच्या कचेरीत कारकून होते. अक्का तिथेच वाढल्या, त्यांचा नवराही त्याच कचेरीत लागला. कालव्यावरून लढाई झाली तेव्हा घर टाकून इकडे आल्या. नवरा नंतर वारला. पोर्ट सईदच्या घरमालकिणीकडे लग्नकार्यात बायका आतल्या दालनात एकमेकींसाठी नाचायच्या, पुरुषांना मज्जाव. तोच हा नाच. पाय जवळजवळ जागेवर ठेवायचे, खांदे शांत, आणि फक्त पोट आणि कंबर नाचवायची. पोट कधी जात्यासारखं फिरतं, कधी थरथरतं. हसू नकोस. मीही आधी वाटेल ते बोलले होते. अक्का म्हणाल्या, "साडीत तुमचे पोट अस्के गावास दिसते, ते चालते. ते हालले की लाज!" 'अस्के' म्हणजे सगळ्या. मी पदर खोचून उभी राहिले.

अक्का जॉर्ज टाउनमध्ये मिरच्यांच्या वखारीवर दोन खोल्यांत राहतात. त्यामुळे आम्ही सगळ्या शिंकत शिंकत नाचतो. मी, सरोजा म्हणून एक शाळेतली बाई, आणि अलकनंदा, तिचा नवरा बँकेत आहे. ताल कनका धरते. ती अक्कांची भाची.

दुसऱ्या बुधवारी एक गंमत झाली, म्हणजे इतरांच्या मते गंमत. मी पोट फिरवत होते. अक्का एकदम थांबल्या आणि माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "कूच होणा गे तुज! कूच!" मला वाटलं, निघ म्हणतायत. आपल्याकडे स्वारी कूच करते तसं. मी काही विचारलं नाही. पिशवी उचलली, चपला घातल्या आणि जिना उतरून मिरच्यांच्या पोत्यांपर्यंत गेले. मागून अक्का ओरडत आल्या, "अय्यो, कुठे चाललीस!" मग उलगडा झाला. 'होणा' म्हणजे हवं. आणि कूच नव्हे, कूच्चम. तमिळ शब्द आहे. बुजरेपणाला कूच्चम म्हणतात, कोणी गुदगुल्या करायला बोट पुढे केलं की अंग आक्रसतं तेही कूच्चम, आणि चिंच खाऊन दात आंबतात तेही. माझ्या पोटात कूच्चम नाही म्हणून नाच मेल्यासारखा दिसतो, असं त्यांचं म्हणणं.

सगळ्या खूप हसल्या. पण जिना उतरताना मला काही वाटलं नव्हतं. हाकलून दिलं असं समजून निघाले होते, तरी नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मायलापूरच्या एका सभेत आमचा नाच ठरला आहे. नाताळच्या सुट्टीत ह्यांना रजा मिळेल. चार दिवस साताऱ्याला येऊन जाऊ म्हणतात.

विद्यू


सातारा
३० सप्टेंबर १९६३

विद्यू,

आशीर्वाद नंतर. आधी मला सांग, तुझं डोकं ठिकाणावर आहे का?

सभेत नाचणार? पोट उघडं टाकून, सभेत? मी पत्र ह्यांना वाचून दाखवलं तर ह्यांनी चष्मा काढून विचारलं, कुठल्या पक्षाची सभा? अध्यक्ष कोण? आधी भाषण होणार की आधी नाच? मला मेलीला तोंड लपवायला जागा राहिली नाही. सासूबाईंना मी 'भजन आहे' असं सांगितलं आहे, तेव्हा उत्तरात तसंच काहीतरी लिही, त्या पत्र वाचायला मागतात.

नाचाला माझी ना नाही, हे नीट ऐक. फुगडीत तुला हरवणारी आपल्या आळीत कोणी नव्हती. पण चार परके पुरुष, ताशे, झेंडे, आणि मधे तू! उमाकांतरावांना ठाऊक आहे का? त्यांच्या साहेबांनी बघितलं तर? घरच्यांनी सोडलं तरी लोक सोडत नाहीत.

दुसरं म्हणजे नाताळात येऊ नका. घराला रंग द्यायला काढलाय, सगळं सामान ओसरीवर आहे, तुमची आबाळ होईल. उन्हाळ्यात या. तेव्हा आंबेही असतील.

रागावले म्हणून पत्र बंद करू नकोस. तुला हाकललं असं वाटलं तरी काही वाटलं नाही, हे वाक्य मी दोनदा वाचलं. रात्री जेवण गेलं नाही.

ताई


आवडी
२४ नोव्हेंबर १९६३

ताई,

नमस्कार. सासूबाईंसाठी: भजनाची तयारी उत्तम चालू आहे.

इथे सभा म्हणजे गाण्याबजावण्याची संस्था आणि तिचं सभागृह. अध्यक्ष नाही, झेंडा नाही. सभागृह मंडळाने दुपारपुरतं घेतलं आहे, आणि आत फक्त बायका. भाऊजींना सांग की भाषण होणार नाही.

घराला रंग कुठला देताय?

गेल्या बुधवारी अक्कांनी मंडळाच्या दहाबारा बायका बोलावून आम्हाला त्यांच्यासमोर नाचवलं. स्टेजची सवय व्हावी म्हणून. अलकनंदाला उचकी लागली ती थांबेना. सरोजा रोज चाळीस मुलांसमोर उभी राहते, पण भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि वळेचना. इथे त्याला सभैकूच्चम म्हणतात, सभेत उभं राहिल्यावर येणारं कूच्चम. मी मधे गेले, नाचले, परत आले. हात थंड पडले नाहीत की घसा सुकला नाही. बायका म्हणाल्या, विद्युलताबाईंना काय धीर आहे! अक्कांनी टाळी वाजवली नाही. सगळ्या गेल्यावर मला म्हणाल्या, "तो धीर नव्हे गे. घर रिकामे आहे, चोरास कोण भिणार?"

पुढे म्हणाल्या, त्या दोघी भितात, म्हणून त्या नाचतील. तू दळण दळतेस. संक्रांतीपर्यंत बघेन, नाही तर तू कनकाबरोबर बसून ताल धर.

मला वाईट वाटायला हवं होतं. गाडीत बसून मी वाट बघितली, आता वाटेल, मग वाटेल. आवडी आली.

ताई, तुला एक सांगते. गेल्या रविवारी ह्यांनी आमटीवरून भांडण काढलं. मीठ जास्त झालंय म्हणाले. झालं नव्हतं. मी म्हटलं, बरं, उद्या कमी घालीन. मग म्हणाले, तुझं घरात लक्ष नाही. मी म्हटलं, बरं. मग म्हणाले, तुझ्याशी लग्न करून मी फसलो. ह्या माणसाने बारा वर्षांत मला 'अगं' ह्यापलीकडे हाक मारलेली नाही. मी म्हटलं, बरं. तेव्हा उठून बाहेर पायरीवर जाऊन बसले. खांदे हलत होते. मी ताट उचललं, खरकटं काढलं. भांडण मुद्दाम काढलं होतं हे मला समजत होतं. समजतं सगळं.

मला भीती वाटायला हवी आहे. अलकनंदासारखी उचकी लागायला हवी आहे. ती लागली नाही तर मी पुढची तीस वर्षं अशीच, टाळ्या घेत, काढीन. हे लिहितानासुद्धा अक्षर बघ किती सरळ येतंय.

विद्यू


सातारा
३ जानेवारी १९६४

चि. विद्यूस अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र उशाखाली ठेवून रोज लिहायचं ठरवत होते. मी बडबडी, पण असल्या ठिकाणी माझं घोडं पेंड खातं. उमाकांतरावांना सांभाळ, एवढंच म्हणते. आणि तुझा नाच चांगला होऊ दे. सभेचा उलगडा झाल्यापासून हेसुद्धा विचारतात, आपल्या विद्यूचं कुठवर आलं?

रंग अजून सुरूच आहे. पिवळट आहे.

इकडे थंडी खूप. परवा सोमवारी ग्रहण होतं ना, चंद्र उगवला तोच खाल्लेला. जीव नुसता विटला गं. सासूबाईंनी दुपारपासून मला माजघरात पाटावर बसवून ठेवलं. विळीला हात नाही, सुईला नाही, साधं कुशीवर वळू दिलं नाही. जाऊबाई आणि त्यांच्या मुली खुशाल अंगणात जाऊन बघून आल्या, मी मात्र अंधारात माळ ओढत. मोक्ष झाल्यावर गार पाण्याने अंघोळ. दात वाजायचे थांबेनात. तुमच्याकडे दिसलं का?

तिळगूळ वेगळा पाठवते आहे. हलवा घरचा आहे, काटा चांगला आलाय. नाचाच्या आधी एक तोंडात टाक.

तुझी
ताई


आवडी
१९ जानेवारी १९६४

ताई,

काल हळदीकुंकू झालं. काल तुझं रखडलेलं पत्रही मिळालं. आम्ही निघतानाच पोस्टमन आला, म्हणून पिशवीत टाकलं आणि सभागृहाच्या मागच्या खोलीत, तयार होऊन बसल्यावर वाचलं. परकर बेंबीखाली बांधायचा, वर पोलकं, कमरेला टिकल्यांचा शेला. माझ्या व्रणाचं वरचं टोक दिसत होतं. अक्का म्हणाल्या झाकू का, मी म्हटलं राहू दे, मला काय त्याचं.

'कुशीवर वळू दिलं नाही' इथे आले आणि पुन्हा वर जाऊन वाचलं.

ग्रहण असं कोण पाळतं, ताई? जाऊबाई अंगणात आणि तू पाटावर? मीही पाळलंय असं, दुसऱ्या वेळी. विळीकडे नजरसुद्धा टाकली नव्हती. मला फसवायला तू घर रंगवलंस, पित्त काढलंस, आणि मग ग्रहणाचं सगळं सांगून बसलीस. तुला लपवता कधी आलंय?

आधी काही झालं नाही. पत्राची घडी घालायला गेले तर बोटं घडी घालेनात. वाटलं थंडी आहे, पण मद्रासमध्ये कसली थंडी. मग घसा सुकला. बाहेर सरोजाचा नाच चालू होता, बायका हसत होत्या. माझ्यानंतर कोणी नव्हतं. मला एकदम दिसलं की तो पडदा बाजूला होणार, दोनशे बायका बसल्यात, त्यांतल्या निम्म्यांच्या मांडीवर पोरं आहेत, आणि मी त्यांच्यासमोर हे शिवलेलं पोट घेऊन उभी राहणार. कोणी मला हे आधी सांगितलं कसं नाही! मी अक्कांचा हात धरला आणि म्हटलं, मला घरी जायचंय.

त्यांनी माझा हात दाबून बघितला. तो गार होता. म्हणाल्या, "आले गे! कूच्चम आले तुज!" मुलाला दात आल्यावर हसावं तशा हसल्या. मी म्हटलं, हसू नका, मी खरंच जाते. तर म्हणाल्या, "सरी, जा की. दार तिकडे." अडवलं नाही.

मी गेले गं दारापर्यंत. दार उघडलं. हे समोर रस्त्यापलीकडे कॉफीच्या दुकानापाशी उभे होते, पाठमोरे. हाक मारली असती तर आले असते. घरी चला म्हटलं असतं तर 'बरं' म्हणाले असते. एका शब्दाने विचारलं नसतं. आणि मग आम्ही दोघं एकमेकांना 'बरं, बरं' म्हणत म्हातारे झालो असतो. मला त्याची जास्त भीती वाटली. पडद्यापेक्षा जास्त. म्हणून दार लावून घेतलं.

पडदा सरकला. कनकाने ताल धरला आणि माझी सुरुवात चुकली. तिने पुन्हा धरला, पुन्हा चुकली. पाय खिळल्यासारखे झाले होते. पुढच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात एक तान्हं रडायला लागलं. त्याची आई ओशाळली, पदर सावरत उठली, बाहेर न्यायला निघाली. आणि ताई, मी स्टेजवरून बोलले. "बसा हो," म्हटलं, "रडू दे त्याला. मला चालतं." माझा आवाज फाटला. ती बाई बसली. पोर रडतच होतं.

मग मी नाचले. चांगली नाचले की वाईट, सांगता येणार नाही, दोनदा तालाबाहेर गेले हे नक्की. पोट थरथरवायचं होतं तिथे ते आपोआप थरथरत होतं. आणि मधेच मला परकराची नाडी काचली. बेंबीखाली, उजव्या बाजूला. दोन महिने ती तिथेच करकचून बांधत होते, रोज वळ उठायचा, मी तेल लावायची. काल ती दुखली. मी नाचता नाचता 'आई गं' म्हटलं, पुढच्या बायकांना वाटलं नाचातलंच आहे.

आत आल्यावर रडले. सुंदर वगैरे नाही, नाक गळत, शिंकरत, अक्कांच्या पातळाला पुसत. अक्का पाठीवर हात फिरवत राहिल्या, शहाणपण शिकवलं नाही. डावी बाजू अजून बधिरच आहे. राहील कदाचित.

बाहेर ह्यांनी विचारलं, कसं झालं? मी म्हटलं, खूप भीती वाटली, पळून जाणार होते. तर त्यांनी तिथेच, भर रस्त्यात, उपरण्याने डोळे पुसले. मग दोघांनी कॉफी घेतली. मी म्हटलं, गोड जास्त आहे. ते म्हणाले, नाहीये. म्हटलं, आहे! चांगले तावातावाने भांडलो.

आता तुझं. मला तुझा राग आला आहे. सहा महिने मला काचेचं भांडं समजून तू पत्रं लिहिलीस. सगळ्या साताऱ्याला माहीत आणि मला रंग पिवळट! मी इतकी वाईट आहे का, की मला सांगितलंस तर तुझ्या पोराला दृष्ट लागेल? आणि दुसरं, हेही लिहिते, नाही तर तुझ्यासारखीच होईन. मला तुझा हेवा वाटतो. तुझी तीन आहेत. चौथं कशाला हवं होतं तुला? पत्र फाडलंस तरी चालेल, पण वाचून फाड.

विद्यू


सातारा
२७ जानेवारी १९६४

विद्यू,

फाडलं नाही.

मला वाटलं होतं, तुला कळलं तर तू 'बरं' म्हणशील. तेच मला ऐकवलं नसतं. म्हणून लपवलं. दृष्टीचं मनात आणलं असेल तर माझी जीभ झडो. तू हेवा कर. रोज कर, मनसोक्त कर. राग धर, वर्षभर धर. मी काही म्हणणार नाही.

चौथं कशाला, असं विचारलंस. मलाही नको होतं. झालं. अडतिसाव्या वर्षी हे काय, म्हणून लोक हसतात, मोठी माझ्याबरोबर देवळात यायला लाजते.

आणि ऐक, हे अजून कोणाला बोललेली नाही. ह्यांनासुद्धा नाही. सुईण म्हणते मूल आडवं आहे. वळेल, अजून वेळ आहे, असंही म्हणते. मला गं फार भीती वाटते. आधीच्या तिन्ही वेळी एवढी नव्हती. रात्री हात पोटावर ठेवते आणि तुझी तिन्ही आठवतात. घरात सगळ्यांना वाटतं चारुलता म्हणजे काय, तीन झाली, हिला सवय आहे, हिला कसली भीती. मीही दिवसभर तशीच वावरते, मोठ्याने बोलते, सगळ्यांवर ओरडते.

तू मला काय काय लिहिलंस, आमटीचं, दाराचं, नाडीचं. मी काय लिहिलं? तूप लाव.

ये, असं म्हणायचा मला हक्क नाही. तुला ते घर, तो वास, ती बाळंतिणीची खोली सोसेल का, देव जाणे. नाही आलीस तर मनात काही आणणार नाही. पण जमलं तर ये.

चारू


आवडी
३ फेब्रुवारी १९६४

ताई,

हे रजेचा अर्ज देऊन आले आहेत. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मला सोडायला येतील आणि परत फिरतील. मी राहीन.

उद्याच मिशनच्या नाहीतर सरकारी दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना दाखव. सुईणीवर राहू नकोस. आणि भाऊजींना आज सांग. पत्र वाचून झालं की लगेच सांग, चष्मा काढून काहीही विचारू देत.

मी चांगल्या मनाने येते आहे असं समजू नकोस. राग गेलेला नाही आणि हेवा गाडीत बसण्याआधी संपेल असं दिसत नाही. तो घेऊनच येईन. मूल झालं की मी त्याला मांडीवर घेईन की खोलीबाहेर जाऊन उभी राहीन, हे मला आत्ता ठाऊक नाही. बारशाला गाईन, असंही कबूल करत नाही.

पण तुझ्या कळा सुरू झाल्या की मी तुझ्या उशाशी बसेन. सासूबाईंनी उठवलं तरी उठणार नाही. सगळ्या म्हणतील, घाबरू नकोस, तुला सवय आहे. मी नाही म्हणणार. तू हवी तेवढी घाबर, ताई. मोठ्याने घाबर. मी तिथे आहे.

विद्यू